मौन प्रार्थना: बसल्यावर मन ठिकाणावर राहत नाही, म्हणजे देवावर भरवसाच नाही का?

सांजदिवा_बोरिवली

नमस्कार मंडळी. रोजरी (जपमाळ), स्तोत्रं, नोव्हेना (नऊ दिवस किंवा नऊ वार चालणारी प्रार्थना), उपासनेतली गीतं हे सगळं आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडतं. देवासमोर काही न मागता, न बोलता नुसतं बसणं मात्र फारसं कुणी शिकवत नाही. माझे तीन प्रश्न आहेत.

पहिला, दीड खोलीच्या घरात, शेजारच्या टीव्हीच्या आवाजात बसायचं कसं आणि किती वेळ? दुसरा, पाच मिनिटांत मन सोसायटीच्या मेंटेनन्सवर आणि उद्याच्या डब्यावर जातं. हे सगळ्यांचंच होतं, की भरवसा कमी पडतो म्हणून होतं? तिसरा, बायबलला आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेला हे धरून आहे का?

'सगळं त्याच्यावर सोपवा' एवढंच उत्तर कृपया देऊ नका. सोपवायचं म्हणजे बसल्या जागी नेमकं काय करायचं, ते हवंय.

माहीमची_उषा

फार गरजेचा धागा. रात्री सविस्तर लिहिते, तोवर जागा धरून ठेवते.

वाडीवाला_नंदाखाल

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण बहुतेक जण तिथेच अडतात आणि सोडून देतात. विचार येणारच. मन गप्प करणं हे या प्रार्थनेत आपलं कामच नाही. आपलं काम एकच: भरकटलो हे लक्षात आलं की परत यायचं. वीस मिनिटांत पन्नास वेळा भरकटलात आणि पन्नास वेळा परत आलात, तर देवाकडे पन्नास वेळा वळलात. ती बैठक वाया गेली असं म्हणताच येत नाही.

आता कृती. एक छोटा शब्द ठरवा: येशू, आब्बा (म्हणजे बाबा), प्रभो, दोन-तीन अक्षरांचा कुठलाही. बैठक चालू असताना तो बदलायचा नाही. सरळ पाठीच्या खुर्चीवर बसा, पावलं पूर्ण जमिनीला टेकवा. पावलं लोंबत असतील तर खाली चादरीची घडी ठेवा, नाहीतर दहाव्या मिनिटाला मांड्यांना मुंग्या येतात. हात मांडीवर, डोळे मिटलेले. मिनिटभर स्थिर होऊ द्या, मग तो शब्द मनात एकदा म्हणा. 'देवा, मी इथे आहे, तुला हवं ते माझ्यात कर' एवढाच त्याचा हेतू. पुढे गप्प. कुठल्याशा विचारात गुंतलोय हे कळलं की तोच शब्द हलकेच पुन्हा घ्या. वेळ संपल्यावर लगेच उठू नका. दोन मिनिटं तसंच बसून प्रभूची प्रार्थना ('हे आमच्या स्वर्गातील पित्या') सावकाश म्हणा आणि मग उठा.

ही मांडणी १९७० च्या दशकातली आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर इथल्या ट्रॅपिस्ट (मौनाचा नियम पाळणाऱ्या संन्याशांच्या) मठात विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या तिघांनी ती केली. मुळं मात्र जुनी आहेत. चौदाव्या शतकातल्या 'द क्लाउड ऑफ अननोइंग' या निनावी इंग्रजी ग्रंथात एका छोट्या शब्दाचा हाच उपाय दिलाय. त्यांचा प्रघात दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटांचा. नवख्याने दहा मिनिटांवरून सुरुवात करावी आणि पहिले दोन आठवडे वाढवू नये.

बिघडतं कुठे ते सांगतो. शब्द विचारांवर हाणायला वापरला की कपाळ आखडतं, डोकं दुखतं. 'झालो का शांत?' असं दर दोन मिनिटांनी तपासलं की तो तपास हाच एक विचार होऊन बसतो. आणि सगळ्यात फसवा म्हणजे चांगला विचार. एखाद्या वचनाचा सुंदर अर्थ सुचतो आणि माणूस वही शोधायला उठतो. तोही विचार त्या वीस मिनिटांपुरता सोडायचा. खरंच महत्त्वाचा असेल तर नंतर आठवेल.

आवाजाचं म्हणाल तर त्याच्याशी भांडू नका. कुकरची शिट्टी झाली, झाली. ती ऐकून चिडचिड सुरू झाली की चिडचिड हा विचार, आणि त्यावर उपाय तोच शब्द.

साडेसातची_विरार

वाडीवाले, दहा मिनिटं खुर्चीवर बसायला मिळणं हीच आम्हा विरारकरांना मोठी कृपा वाटते 😊 गंभीरपणे विचारतो, ज्याचे रोज तीन तास लोकलमध्ये जातात त्याने काय करावं? उभ्याने, डोळे उघडे ठेवून काही जमतं का?

जपदोर

@साडेसातची_विरार, जमतं. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) ख्रिस्तसभेत त्यासाठीच येशूची प्रार्थना आहे: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' आधार थेट शुभवर्तमानात. मार्क १० मध्ये आंधळा बार्तीमय असाच ओरडतो आणि लूक १८ मध्ये जकातदार असंच म्हणतो.

आधी ओठांनी, अगदी हळू पुटपुटत. ओठांवर बसली की मनात. मग कधीतरी ती आत आपोआप चालू राहते, पण ती पायरी ओढून आणायची नाही. मठवासी लोकरीचा गाठींचा दोर वापरतात, ३३, ५० किंवा १०० गाठींचा. गर्दीत दोर काढता येत नसेल तर बोटांची पेरं आहेतच. अंगठा सोडून चार बोटांची बारा होतात. एक हात दांडीला, दुसऱ्याची पेरं. आकड्याच्या मागे लागू नका, तो फक्त मन धरून ठेवायला आहे.

दोन सूचना. श्वास घेताना पहिला अर्धा, सोडताना दुसरा, असं बरेच जण करतात. श्वास आपसूक जुळला तर ठीक, मुद्दाम लांबवायचा किंवा रोखायचा नाही. चक्कर येते, छाती भरून येते. श्वासाचे विशेष प्रकार अनुभवी गुरूशिवाय करू नयेत, असं त्या परंपरेतलेच लोक बजावून सांगतात. दुसरं, ज्यांना आधीच 'मी पापी, मी वाईट' असं सतत टोचत असतं, त्यांनी 'पाप्यावर' हा शब्द गाळून 'माझ्यावर दया कर' एवढंच म्हणावं. प्रार्थनेचा भर दयेवर आहे.

आणि दारात लटकत असाल तर लक्ष दांडीवर. प्रार्थना दादर आल्यावर.

वचनप्रेमी

माफ करा, पण कुणीतरी हे बोलायला हवं. मत्तय ६:७ मध्ये प्रभूने व्यर्थ बडबड करू नका असं स्पष्ट सांगितलंय. एकच शब्द वीस मिनिटं घोळवणं याहून वेगळं काय? शिवाय मन रिकामं करणं धोक्याचं आहे. मत्तय १२ मध्ये झाडून लोटून रिकामं ठेवलेल्या घरात आणखी सात दुरात्मे येतात. देव वचनातून बोलतो. वचन वाचा, पाठ करा, त्यावर बोला. नुसतं गप्प बसायला बायबल कुठे सांगतं?

पाळकमामा

वचनप्रेमी, प्रश्न रास्त आहे, म्हणून वचनातूनच उत्तर देतो.

मत्तय ६:७ मध्ये दोष पुष्कळ बोलल्याने आपलं ऐकलं जाईल या समजुतीला दिलाय. पुनरावृत्तीला दिलेला नाही. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, प्रभूने स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, मत्तय २६:४४ पाहा. स्तोत्र १३६ ला २६ वचनं आहेत आणि देवाच्या दयेचं तेच पालुपद सव्वीसच्या सव्वीस वचनांत येतं. तुम्ही सांगताय त्या ६:७ च्या अगदी आधीचं वचन खोलीत जाऊन दार लावून घेण्याचं आहे, तेही सोबत वाचा. गप्प बसण्याबद्दल विचाराल तर स्तोत्र ४६:१० मध्ये देव शांत राहायला सांगतो, आणि तेसुद्धा राष्ट्रं खवळलेली आणि डोंगर डळमळत असताना.

१ राजे १९ मात्र सावकाश वाचण्याजोगा अध्याय आहे. संदेष्टा एलीया पळून आलाय, मरण मागतोय. देवदूत त्याला आधी उपदेश करत नाही. निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. मग चाळीस दिवसांची वाट. मग होरेब डोंगरावर सोसाट्याचा वारा, भूकंप, अग्नी, आणि यांतल्या कशातच परमेश्वर नाही. त्यानंतर तो मंद आवाज. एलीया झग्याने तोंड झाकून घेतो. आणि देव विचारतो, 'तू इथे काय करतोस?' पुढे लगेच त्याला कामं सांगून परत पाठवतो, हजाएल, येहू, अलीशा यांना अभिषेक करायला. म्हणजे मौनातून माणूस कामाकडेच परत येतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट: बारा तासांची ड्युटी करून आल्यावर बसताच झोप लागत असेल, तर त्या दिवशी जेवा आणि झोपा. एलीयाला तेच मिळालं.

राहिला रिकाम्या घराचा मुद्दा. ते घर धोक्यात आलं कारण त्यात कुणी राहत नव्हतं. ख्रिस्ती मौनात नाव घेऊन ज्याला बोलावलंय त्याच्यासमोर बसायचं असतं. तरी तुमच्या काळजीला मान देऊन सगळ्यांना सांगतो: मौनाआधी तीन-चार मिनिटं वचन मोठ्याने वाचाच.

वाडीवाला_नंदाखाल

मामांना अनुमोदन. वचनप्रेमींची शंका कॅथलिक बाजूनेही उडवून लावलेली नाही. १५ ऑक्टोबर १९८९ ला रोमच्या विश्वासविषयक विभागाने ख्रिस्ती ध्यानाबद्दल बिशपांना पत्र काढलं. आसन, श्वास अशा गोष्टींचा उपयोग होऊ शकतो हे त्यात मान्य आहे. पण शरीर सैल पडल्यावर येणारं बरं वाटणं म्हणजे पवित्र आत्म्याचं सांत्वन असं समजू नका, असा इशाराही आहे. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू अँथनी डी'मेलो (१९३१–१९८७) यांनी शरीराची जाणीव आणि श्वास घेऊन प्रार्थनेत शिरण्याचे सराव इथल्या पुष्कळांना शिकवले. त्यांच्या काही लिखाणावर १९९८ मध्ये त्याच विभागाने सूचनापत्र काढलं. माझं मत, त्यांचे शांत बसण्याचे सराव उपयोगी आहेत. फक्त सराव आणि त्यांच्या उत्तरकाळातल्या मतांची सरमिसळ करू नये.

अभंगयात्री

मी ख्रिस्ती नाही, उत्सुकतेने वाचतोय. हे सगळं नामस्मरणाच्या फार जवळचं वाटतं. आणि गोराईच्या पॅगोडात विपश्यनेला जाणारे सांगतात तेही असंच काहीसं. फरक नेमका कुठे?

पाळकमामा

अभंगयात्री, या धाग्यावर तुमचं मनापासून स्वागत. विपश्यनेत श्वास आणि संवेदना यांचं निरीक्षण असतं, तिथे कुणाला हाक मारायची नसते. इथे हाक आहे आणि ऐकणारा आहे. त्या अर्थाने नामस्मरण जास्त जवळचं. ख्रिस्ती माणूस मात्र ते नाव क्रुसावर गेलेल्या आणि पुन्हा उठलेल्या येशूचं म्हणून घेतो, आणि शांती नामाच्या संख्येने मिळते असं मानत नाही, ती देणगी समजतो.

मराठीत ही जवळीक नवी नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा दहा हजारांवर ओव्यांत सांगितली. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. म्हणून आमच्या देवळांत आजही टाळ वाजतात. टिळकांचा एखादा अभंग तीनदा संथ म्हणून मग मौनात गेलं, तर मराठी माणसाला आत शिरायला सोपं जातं.

माहीमची_उषा

उशीर झाला, पण कबूल केल्याप्रमाणे लिहिते. शब्दाची प्रार्थना ज्यांना कोरडी वाटते त्यांनी पवित्र शास्त्राच्या संथ वाचनाने सुरुवात करावी, लेक्सिओ दिव्हिना. बाराव्या शतकात ग्विगो दुसरा या कार्थुसियन संन्यासी संघातल्या मठाधिपतीने त्याच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग शब्दांपलीकडचा सहवास.

उतारा सहा ते दहा वचनांचा, त्याहून मोठा नको. अख्खा अध्याय घेतला की आपण कथा वाचायला लागतो. पहिल्यांदा मोठ्याने, नेहमीच्या अर्ध्या वेगाने. दुसऱ्यांदा वाचताना जिथे मन अडेल तिथे थांबायचं, पुढची वचनं राहिली तरी चालतील. अडलेले शब्द पाच मिनिटं आत घोळवायचे. मग त्यावरून जे म्हणावंसं वाटेल ते देवाला साध्या मराठीत सांगायचं, तक्रारसुद्धा. मग पुस्तक मिटून दहा मिनिटं गप्प.

उदाहरणार्थ मार्क ४:३५-४१ घ्या, वादळ शमवण्याचा प्रसंग. सातच वचनं. संथ वाचलं की बारकावे दिसतात. येशू होडीच्या मागच्या टोकाला उशी घेऊन झोपलाय. ती उशी फक्त मार्क सांगतो, मत्तय आणि लूक सांगत नाहीत. ३६व्या वचनात बरोबर इतर होड्याही होत्या असं आहे. त्यांचा पुढे उल्लेख नाही, पण समुद्र निवळला तो त्यांच्यासाठीही. आणि शिष्य त्याला उठवतात ते नम्र विनंतीने नाही. 'आम्ही बुडतोय याची तुला पर्वा नाही का?' हा आरोप आहे. तो आधी वारा थांबवतो, विश्वासाबद्दल नंतर विचारतो. सांजदिवा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला याच क्रमात दिसतं. भ्यालेल्या, चिडलेल्या माणसाची हाकही ऐकली जाते. विश्वास पुरेसा जमवून मग हाक मारायची, अशी अट तिथे नाही.

चूक एकच मोठी होते: मननाच्या पायरीवर प्रवचन तयार होऊ लागतं. 'हे अमक्याने ऐकायला हवं' असं मनात आलं की समजावं, आपण उताऱ्यातून बाहेर पडलो.

फोर्टची_दुपार

घरी जमत नाही त्यांच्यासाठी जागांबद्दल. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ पासूनचं आहे. चर्चगेट हे स्टेशनचं नावही त्या देवळाच्या बाजूच्या किल्ल्याच्या दरवाजावरून आलं. जेवणाच्या सुट्टीत आत गेलं की बाहेरचे हॉर्न बरेच मागे पडतात. दादरचं पोर्तुगीज चर्चही दुपारी निवांत असतं. जिथे पवित्र साक्रामेंताच्या (मिस्सातल्या पवित्र भाकरीच्या) आराधनेसाठी वेगळं चॅपल आहे, तिथे मौन सगळेच पाळतात. आराधनेची वेळ आपापल्या पॅरिश ऑफिसात विचारावी.

बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये आणि सप्टेंबरात जत्रेच्या आठवड्यात माउंट मेरीला मौनासाठी जाऊ नका. ते दिवस नवसाचे आणि गर्दीचे, आणि त्या गर्दीचीही स्वतःची प्रार्थना असते.

माहीमची_उषा

बुधवारच्या माहीमबद्दल शंभर टक्के सहमत. १९४८ पासून नोव्हेना चाललाय, दिवसभर रीघ असते.

हिल_रोड

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या पद्धतीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडी भर. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' ग्रंथाला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. परिच्छेदांना क्रमांक आहेत, त्यामुळे शोधायला सोपं जातं. लोकांना तीस दिवसांचं रिट्रीट (एकांतातली साधना) माहीत असतं, पण त्यातल्या बारीकसारीक सूचना घरी जास्त उपयोगी पडतात.

परिच्छेद ७५: बसायच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभं राहा, प्रभूची प्रार्थना म्हणायला लागते तेवढा वेळ, आणि देव माझ्याकडे कसा पाहतोय हे ध्यानात घ्या. वाकून नमन करा, मग बसा. घरात वेगळी खोली नसली तर हीच दोन पावलं दाराचं काम करतात. धावपळीतून थेट खुर्चीत पडणाऱ्याचं मन अजून स्वयंपाकघरात असतं.

७६: गुडघ्यावर, बसून, उताणं पडून, कसंही चालेल. पण जिथे हवं ते मिळालं तिथून हलायचं नाही, आणि पुढच्या मुद्द्याची घाई करायची नाही.

१३: ठरलेली वेळ पूर्ण करायची, आणि शुष्क वाटत असेल तर थोडी जास्तच बसायचं. इथे बहुतेकांचं उलटं होतं. बरं वाटतं तेव्हा अर्धा तास आणि कोरडं वाटतं तेव्हा चार मिनिटं. मग प्रार्थना आपल्या मूडवर चालते.

७७: संपल्यावर पाव तास बसून किंवा फेऱ्या मारत पाहायचं, कसं झालं, कुठे अडलं. वाडीवाले म्हणतात तो तपास चूक नाही, पण त्याची जागा ही, प्रार्थनेनंतरची. रोजच्यासाठी पाच मिनिटं आणि वहीत दोन ओळी पुरतात.

२५८: प्रभूच्या प्रार्थनेचा एकेक शब्द एकेका श्वासाला. श्वास नेहमीचाच. स्टेशनवर उभ्यानेही होतं.

३१८: मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. नोकरी सोडणं, लग्न मोडणं, प्रार्थनाच बंद करणं, यांतलं काहीही नाही. आणि ३२२ मध्ये शुष्कतेची तीन कारणं आहेत: आपली हयगय, बक्षिसाशिवाय आपण किती टिकतो याची पारख, आणि सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. पहिलं कारण असेल तर सुधारा. दुसरं-तिसरं असेल तर स्वतःला दोष देत बसू नका.

रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं दिवसाचं परीक्षण: आभार, प्रकाश मागणं, दिवस तासातासाने पाहणं, क्षमा, उद्यासाठी मदत. भरवसा बसायला याच्याइतकं काही उपयोगी नाही असं माझं ठाम मत आहे, कारण देव कुठे सोबत होता हे घडून गेल्यावर दिसतं. पूर्ण रिट्रीट शक्य नसेल तर परिच्छेद १९ प्रमाणे रोजची कामं सांभाळत करता येतं. वांद्र्याला येशूसंघीयांचं रिट्रीट हाऊस आहे, तिथे चौकशी करावी.

वचनप्रेमी

मामा, स्तोत्र १३६ चा मुद्दा पटला. शब्द घोळवण्याबद्दल अजून मन घेत नाही, पण उषाताईंनी सांगितलेली रीत वचनाला धरून आहे. ती करून पाहण्यात मला हरकत दिसत नाही.

मनोवाट

समुपदेशनाच्या बाजूने थोडं. शांत बसलं की दडपलेलं वर येतं: जुनं दुःख, राग, कधी अचानक रडू. थोडं येणं स्वाभाविक आहे. पण ज्यांच्या आयुष्यात मोठा आघात झालाय त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, पाच मिनिटांच्या वर जाऊ नये, किंवा चालत प्रार्थना करावी. कानात आवाज येणं, आठवडाभर झोप न लागता खूप उत्साह वाटणं असं कधी झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अनेक दिवसांच्या मौन रिट्रीटला जाऊ नये.

संत जॉन ऑफ द क्रॉसची 'काळोखी रात्र' (प्रार्थनेत देव दूर गेल्यासारखा वाटणारा शुष्क काळ) आणि डिप्रेशन यांची गल्लत फार होते. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर उदास वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, कशातच रस न उरणं, जगू नये असं वाटणं, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास आणि मोफत आहे. उपचार घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. दोन्ही सोबत चालू शकतं.

रहाटगाडगं

मनोवाट यांनी विषय काढलाच आहे तर संत जॉन (१५४२–१५९१) यांच्या खुणा लिहितो. मनन सोडून नुसत्या मौनात कधी जावं यासाठी त्यांनी तीन सांगितल्या. कल्पना आणि विचार करून प्रार्थना आता होत नाही आणि त्यात चव उरली नाही. इतर कशात मन रमवावं असंही वाटत नाही. आणि देवाकडे प्रेमाने लक्ष देऊन नुसतं राहावं असं वाटतं. तिन्ही एकदम दिसल्या तरच. पहिली आहे पण मन मोबाईलमध्ये रमतंय, तर तो कंटाळा आहे. त्याने उषाताईंच्या वाचनाकडे परत यावं.

त्यांच्या सहकारी, आविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२), बाग शिंपण्याच्या चार रीती सांगतात. विहिरीतून बादलीने पाणी शेंदणं; रहाट फिरवून; नदी-ओढ्याचं पाणी वळवून; आणि पाऊस. वसईकरांना दुसरी लगेच कळेल. पंप येण्याआधी वाड्यांना बावखलावरच्या (वाडीतल्या तळ्यावरच्या) रहाटानेच पाणी मिळायचं. बादलीला सगळे कष्ट आपले, रहाटाला कमी कष्टात जास्त पाणी, आणि पावसात आपण काहीच करत नाही. तेरेसाबाईंचं म्हणणं, विहीर आटली तरी माळ्याने बागेत हजर राहावं, बाग मालकाची आहे. आपण बहुतेक जण आयुष्यभर बादलीवालेच. त्यात कमीपणा नाही, फुलं त्या पाण्यावरही येतात.

साडेसातची_विरार

जपदोर, पेरांवर सुरू केलंय. एक शंका: मारानाथा म्हणायचा तो प्रकार वेगळा का?

जपदोर

हो, वेगळा. बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन (१९२६–१९८२) यांची ती रीत. 'प्रभो, ये' अशा अर्थाचा तो अरामी शब्द १ करिंथ १६:२२ मध्ये आहे. मा-रा-ना-था, चारही अक्षरं सारख्या लयीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड म्हणायची, सकाळ-संध्याकाळ वीस ते तीस मिनिटं. वाडीवाल्यांनी सांगितलेल्या प्रकारात शब्द भरकटल्यावरच घ्यायचा असतो. दोन्ही एकाच बैठकीत मिसळू नका. ज्याचं मन फार धावतं त्याला अखंड शब्द बरा पडतो. एक रीत धरून निदान तीन महिने द्या. दर आठवड्याला पद्धत बदलणारा कुठेच रुळत नाही.

सांजदिवा_बोरिवली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं उत्तर अपेक्षित नव्हतं. पद्धती कळल्या. पण माझा मूळ प्रश्न थोडा उरलाय. बैठक नीट झाली तरी उठल्यावर काळजी तिथेच असते: नोकरी, आईचं आजारपण. मग सोपवलं असं म्हणायचं कशाच्या जोरावर?

पाळकमामा

काळजी गेली म्हणजे सोपवलं, असं समीकरण शास्त्रात नाही. गेथशेमानेत प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता आणि त्याच प्रार्थनेत त्याने इच्छा पित्याच्या हाती दिली. दोन्ही एकाच वेळी. १ पेत्र ५:७ मध्ये चिंता त्याच्यावर टाका असं आहे, चिंता वाटू देऊ नका असं नाही.

करायचं असं. बसण्यापूर्वी काळजीचं नाव घ्या, एका वाक्यात: 'आईचा रिपोर्ट गुरुवारी येणार आहे, मला भीती वाटते.' त्यातलं आपल्या हातातलं काम ठरवा, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, पैशांची तजवीज, आणि कागदावर लिहून बाजूला ठेवा. उरलेलं देवाला सांगा आणि वेळ सुरू करा. मौनात ती काळजी पुन्हा आली की तिच्यावर उपाय शोधायचा नाही, शब्दाकडे परतायचं. उठल्यावर कागदावरचं काम करायचं. भीती उरली असली तरी तुम्ही वीस मिनिटं ती सांभाळत बसला नाहीत. सोपवणं ते एवढंच, आणि ते उद्या पुन्हा करावं लागतं.

माहीमची_उषा

आणि मध्ये डोळा लागला तर वाईट वाटून घेऊ नका. लिझ्यूच्या संत तेरेजाला प्रार्थनेत झोप लागायची आणि तिने ते मनाला लावून घेतलं नाही. ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिता म्हटलंय. फक्त जेवल्यावर लगेच बसू नका, दीड-दोन तास जाऊ द्या.

सांजदिवा_बोरिवली

मामा, कागदाची गोष्ट नेमकी हवी होती. ठरवते असं: पहाटे पाणी भरून झालं की साडेपाचला दहा मिनिटं, आधी स्तोत्र २३ मोठ्याने, शब्द 'आब्बा', रात्री परीक्षण. तीन महिने हेच. मोबाईलवर गजर लावला तर चालेल ना?

वाडीवाला_नंदाखाल

चालेल. फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बरोबर सातव्या मिनिटाला दुधवाल्याचा मेसेज येतो. गजर मंद सुरांचा ठेवा, दचकवणारा नको, आणि फोन हाताच्या अंतराच्या पलीकडे, पालथा. दहा मिनिटांची बैठक असेल तर गजर दहाचाच लावा, शेवटची दोन मिनिटं त्यानंतरची. पाणी साडेपाचला जात असेल तर पावणेसहा धरा. टाकी भरलीय की नाही याची धाकधूक घेऊन बसण्यात अर्थ नाही.